नकाशा कोरा असतानाच लोकांना बोलवा

२५ सप्टेंबर २०१९, बुधवारची रात्र. जेवणं आटोपली आणि पावसाने जोर धरला. तासा-दीड तासात आमच्या तळमजल्याच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कडप्प्याला पाणी लागलं. आमची सोसायटी आंबिल ओढ्याला मिळणाऱ्या एका बारक्या ओढ्याच्या काठावर आहे. कागदावर त्या ओढ्याला नावसुद्धा नाही. मी आणि माझे यजमान दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे रात्रभर जागे बसलो. त्या रात्रीच्या पावसात पुण्यात आणि आसपास वीसहून जास्त माणसं गेली. टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, कात्रज ही सगळी माझ्या पायाखालची जागा.

पायाखालची म्हणते, कारण २७ वर्षं मी समूह संघटिका होते. बचत गट बांधायचे, वस्तीतल्या बायकांना कागदपत्रांसाठी मदत करायची, बैठका घ्यायच्या. त्या नोकरीत मी शेकडो बैठका पाहिल्या आणि त्यातल्या बऱ्याच बैठकांमध्ये तयार नकाशा आधीच भिंतीवर लावलेला असायचा. लोकांना एकच काम उरायचं, हजेरीपटावर सही करायचं. पुरानंतर आमच्या ओढ्याबद्दल बोलणं सुरू झालं तेव्हा मी मनाशी ठरवलं, इथे असं होऊ द्यायचं नाही. माणसं बोलवायची ती नकाशा कोरा असताना. पुढे जे लिहिते आहे ते त्यानंतरच्या वर्षांत आम्ही जे केलं, जे चुकलं आणि जे जमलं त्यावरून. आपल्या ओढ्याकाठी चर, तळी, गवत, झाडं, शोषखड्डे असे निसर्गाच्या आधाराने करायचे उपाय कुणाला आखायचे असतील, तर त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी पूर कुठला ते ओळखा

पुण्यात दोन प्रकारचे पूर येतात आणि लोक दोन्हींबद्दल एकाच दमात बोलतात. एक मुठेचा पूर. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी साठवतात. ती भरली आणि घाटात पाऊस चालूच राहिला की खडकवासल्यातून विसर्ग सोडावा लागतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं ते या प्रकारचं. जुन्या माणसांच्या तोंडी असलेला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर वेगळाच, ते धरणच फुटलं होतं. दुसरा ओढ्याचा पूर. टेकडीवर तास-दोन तास ढग कोसळतो, आणि टेकडी, रस्ते, गच्च्या, पार्किंगच्या फरशा यांवरून सगळं पाणी एकदम ओढ्यात उतरतं. धरणाचा त्यात काही संबंध नसतो. भोंगा वाजवायलाही वेळ मिळत नाही.

हा फरक पहिल्याच बैठकीत सांगावा लागतो. टेकडीवर चर खणून खडकवासल्याचा विसर्ग थांबणार नाही. नदीकाठी तुम्हाला पूररेषा, नदीची मोकळी जागा आणि विसर्गाची आधी मिळणारी सूचना यावर बोलायचं आहे. तिथे जलसंपदा विभागाचा माणूस बैठकीत हवाच. ओढ्याकाठी तुम्हाला टेकडीपासून सुरुवात करायची आहे. चुकीच्या पुरावर बैठक घेतली तर लोक दुसऱ्यांदा येत नाहीत.

हे उपाय काय करतात आणि काय करत नाहीत, तेही तेव्हाच सांगा. ते पाणी अडवून धरतात, मुरवतात, सावकाश सोडतात. दरवर्षीच्या चार-सहा जोरदार पावसांत फरक दिसतो. २०१९ सारख्या रात्री नुसत्या झाडांनी आणि चरांनी ओढा थोपणार नाही, त्याला रुंद पात्र आणि रस्त्याखालून पाणी जायच्या मोकळ्या मोऱ्याही लागतील. मी हे बोलले तेव्हा एक काका उठून म्हणाले, ‘मग कशाला करायचं?’ त्यांना मी हिशेब दाखवला. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ४ लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे ४० टँकर. पुण्यात टँकर कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १० मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल असा एक चर भरला की अडीच हजार लिटर पाणी खाली यायचं थांबतं. असे शंभर चर म्हणजे २५ टँकर. ते २५ टँकर आपल्या दारात रात्री दहाला यायचे की दोन दिवसांनी झऱ्यासारखे यायचे, हा प्रश्न आहे. काका बसले.

ओढ्याच्या वरून खाली चाला

कुणाला बोलवायचं याची यादी घरी बसून करू नका. ओढ्याच्या उगमापासून निघा आणि तो मोठ्या ओढ्याला मिळतो तिथपर्यंत चालत या. वाटेत जो दिसेल त्याच्याशी बोला आणि वहीत लिहा. आम्ही तळजाईच्या उतारावरून निघालो. साडेतीन तास लागले, आणि माझ्या डोक्यातली यादी तिप्पट झाली.

वर टेकडीवर रोज पहाटे चालायला येणारी मंडळी भेटली. कुठल्या वाटेची माती वाहून जाते ते त्यांना बोटावर सांगता येतं. वन विभागाचा वनरक्षक भेटला. त्याखाली मोठ्या सोसायट्या, त्यांचे वॉचमन. मग एक रोपवाटिका, काठावरच. मालकाची रोपं दोनदा वाहून गेलेली. म्हशींचा गोठा. भंगारवाला. एका मंडळाचं देऊळ. शाळेची मागची भिंत. आणि सगळ्यात खाली वस्ती. साठ-सत्तर घरं, त्यातली पहिली ओळ ओढ्याला पाठ लावून उभी. शिवाय काठावर न राहणारी पण ओढा रोज पाहणारी माणसं. ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई, पावसाळ्याआधी मोऱ्या साफ करणारे बिगारी आणि त्यांचे मुकादम. कुठली मोरी दरवर्षी कशाने तुंबते हे बिगाऱ्यांनी सांगितलं तितकं कुठल्याही कागदात लिहिलेलं नव्हतं. एका मोरीत गाद्या अडकतात. दर दिवाळीच्या साफसफाईनंतर.

अधिकाऱ्यांची यादी वेगळी करा, कारण ओढा एकाच खात्याचा नसतो. पात्र आणि मोऱ्या मलनिःसारण विभागाकडे, काठावरची झाडं उद्यान विभागाकडे, टेकडी वन विभागाकडे किंवा खासगी, विजेच्या डीपी महावितरणकडे, आणि या सगळ्यांना एकत्र बोलावू शकणारं ठिकाण म्हणजे तुमचं क्षेत्रीय कार्यालय. प्रत्येकाला पत्र द्या, पोच घ्या.

यादी झाली की प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा. पूर आला तर याचं काय जातं, आणि उपाय केला तर याचं काय जातं. दुसरा रकाना लोक विसरतात. गोठेवाल्याचं पुरात शेण आणि कडबा जातो, पण काठावर झाडं लावली तर म्हशी धुवायची जागाच जाते. त्याला विचारल्याशिवाय झाडं लावली तर ती सहा महिनेही टिकणार नाहीत. पूर येण्याआधी, २०१७ मध्ये, आम्ही हौसेने ओढ्याच्या पोटात चाळीस रोपं लावली होती. कुणालाच विचारलं नव्हतं. अर्धी पहिल्या पावसात गेली, कारण पात्राच्या मधोमध लावली होती. उरलेली गणपतीत गेली, कारण मंडळाचा मांडव नेमका तिथेच पडतो हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. मंडळाच्या पोरांना ठाऊक होतं.

बैठक कुठे, किती वाजता

आमची पहिली बैठक मी सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवली, रविवारी सकाळी अकराला. वस्तीतून सहा बायका आल्या. चपला बाहेर काढून दाराशी सतरंजीच्या कडेला बसल्या आणि दोन तासांत एक शब्द बोलल्या नाहीत. सत्तावीस वर्षं हेच काम केलेल्या बाईकडून ही चूक झाली, आणि ती मला अजून लागते. घरकामाला जाणाऱ्या बाईची रविवार सकाळ म्हणजे सगळ्यात जास्त कामाची वेळ. आणि ज्या हॉलच्या फरशा ती पुसते तिथे ती मोकळेपणाने कशी बोलेल?

तेव्हापासून आम्ही प्रत्येक गटाकडे त्याच्या जागी आणि त्याच्या वेळी जातो. वस्तीत दुपारी तीन ते साडेचार, देवळाच्या ओट्यावर. सोसायटीत रविवारी सकाळी. मंडळाच्या मुलांशी रात्री नऊनंतर. बिगाऱ्यांशी त्यांच्या कोठीवर, हजेरी लागते त्या वेळी. गुरुवार-शुक्रवार टाळा. पुण्यात पाणी बंद ठेवायचं झालं तर बहुतेकदा गुरुवारीच ठेवतात आणि मग शुक्रवारी सगळ्यांचा जीव नळात अडकलेला असतो. सगळे गट एकत्र येतात ती बैठक शेवटी, आणि ती उघड्यावर, ओढ्याच्या काठाला. तिथे कुणी कुणाचा पाहुणा नसतो.

आणखी एक. वस्तीतून बोलायला नेहमी तेच दोन पुढारी पुढे येतात. त्यांना मान द्या, पण बायकांची बैठक वेगळी घ्या. पुराच्या रात्री पुरुष बाहेर होते आणि घरात बायका-मुलं होती, असं आमच्याकडे बऱ्याच घरांत झालं. पाणी आधी घरातल्या न्हाणीच्या मोरीतून वर आलं की दारातून शिरलं, हे बायकाच सांगू शकल्या.

पुराच्या खुणा

आमच्या कामाला खरी सुरुवात झाली ती गेरूपासून. एक डबा गेरू, ब्रश, मोजायची टेप आणि वही. घरोघर जायचं, पाणी कुठवर आलं होतं विचारायचं, आणि भिंतीवर आडवी रेघ मारायची. रेघेशेजारी तारीख. सोबत वस्तीतली नववी-दहावीची मुलं.

वस्तीतल्या पहिल्या ओळीत एक आजी राहतात. त्यांना विचारलं, पाणी कुठवर होतं? त्या काही न बोलता आत गेल्या, भिंतीवरची देवाची तसबीर उतरवली आणि बाहेर आणून माझ्या हातात दिली. काचेच्या आत, कागदावर, मातीची एक पिवळट रेघ उमटली होती. पांडुरंगाच्या कमरेपाशी. खालचा रंग फुगलेला, वरचा जसाच्या तसा. ‘तवापासनं पुसली नाही,’ म्हणाल्या. आम्ही तसबीर पुन्हा खिळ्याला लावली, मुलाने टेप धरली. जमिनीपासून १५७ सेंटिमीटर. शेजारच्या घराशी ताडून पाहिलं, दोन सेंटिमीटरचा फरक. अशा ४६ रेघा आम्ही मोजल्या. पुढे अभियंता साहेब आले तेव्हा त्यांनी ती वही मागून घेतली आणि त्या आकड्यांवरून पाण्याचा उतार काढला. आजींच्या तसबिरीचा आकडाही त्यात आहे.

सगळेच रेघ मारू देत नाहीत. आमच्याच सोसायटीत तिघांनी नकार दिला. भिंतीवर पुराची खूण दिसली तर फ्लॅटला गिऱ्हाईक मिळणार नाही, ही त्यांची भीती. ती खरी आहे, तिला हसू नये. त्यांच्याकडे आम्ही नुसता आकडा वहीत लिहिला, घर क्रमांक न लिहिता.

रेघा मारताना पूररेषेचा विषय निघतोच. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे ऐकलं की लोक म्हणतात, २०१९ ला येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत. हा गैरसमज धोक्याचा आहे. मी परडीत २५ चिंचोके घेऊन बसते. एकाला कुंकू लावलेलं. एक वर्ष म्हणजे डोळे मिटून एक चिंचोका काढायचा, बघायचा आणि पुन्हा परडीत टाकायचा. एका बैठकीत कुंकवाचा चिंचोका लागोपाठ दोनदा निघाला. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं.

परातीतला पाऊस

चर, गवत, झाडं यांनी पाणी कसं थांबतं, हे तोंडी सांगून उपयोग नाही. दोन पराती घ्या, एका बाजूने विटेवर टेकवून तिरक्या ठेवा. एक परात रिकामी. तो आपला सिमेंटचा उतार. दुसरीत जुनं पायपुसणं पसरा, वर मुठीने माती, मातीत बोटाने आडव्या तीन रेघा, म्हणजे चर. दोन्हींच्या खालच्या कडेला काड्यापेटीची घरं मांडा. मग दोन्हींत एकाच वेळी एकेक तांब्या पाणी ओता. रिकाम्या परातीतली घरं तांब्या रिकामा व्हायच्या आत जातात. पायपुसण्यातून पाणी झिरपत येतं, थांबत येतं, घरं ओली होतात पण जागा सोडत नाहीत.

मग पुढचं करा, ते जास्त महत्त्वाचं. पायपुसण्यावर लगेच दुसरा तांब्या ओता. आणि तिसरा. तिसऱ्याला तीही घरं जातात. लोकांना मर्यादा डोळ्यांनी दिसते, आणि तुम्ही काही लपवत नाही हेही दिसतं. एका छोट्या मुलीने विचारलं, ‘पायपुसणं मोठं घेतलं तर?’ आमच्या सगळ्या आराखड्याचं सार तिने विचारलं होतं. टेकडी जितकी मोकळी, ओढ्याचे काठ जितके मऊ, तितके तांब्ये जास्त. म्हणून जुन्या हद्दीबाहेरच्या २३ गावांतल्या टेकड्यांवर साडेनऊशेहून जास्त हेक्टर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, ते पूरग्रस्तांच्याही हिताचं आहे. टेकडी वाचवणारी मंडळी आणि ओढ्याकाठची वस्ती एकमेकांना क्वचित भेटतात. त्यांची गाठ घालून द्या.

भीती ऐका, खोडू नका

विरोध करणाऱ्याला पहिल्या रांगेत बसवा. आमच्याकडे चार भीती पुन्हा पुन्हा निघाल्या.

डास. तळं किंवा पाणी साठवायचा खळगा म्हटलं की डेंग्यूचं नाव येतं. उत्तर सोपं आहे, पण ते आराखड्यात उतरलं पाहिजे. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. पाणी दोन-तीन दिवसांत मुरेल किंवा वाहून जाईल असाच खळगा करायचा, आणि जिथे बाराही महिने पाणी राहील तिथे गप्पी मासे. आम्ही शब्द दिला की तीन दिवसांनंतर पाणी दिसलं तर खळगा बुजवू. एक बुजवलाही. खाली कातळ होता, पाणी मुरतच नव्हतं. त्यानंतर लोकांचा विश्वास वाढला.

भिंत. सोसायट्यांना निसर्ग वगैरे नको असतो, उंच सीमाभिंत हवी असते. त्यांना ओढ्यापलीकडे, समोरच्या काठावर नेऊन उभं करा. तिथून आपली भिंत कशी दिसते ते पाहू द्या. एका काठाला भिंत चढली की पाणी दुसऱ्या काठावर जातं, आणि तिथे भिंत नसलेली घरं असतात. शिवाय पाण्याच्या दाबाने भिंत पडते तेव्हा काय होतं, ते २०१९ ला आपण पाहिलं आहे. आमच्या एका सोसायटीने शेवटी तीन गाड्यांचं पार्किंग सोडलं आणि तिथे उतरता मातीचा काठ केला. त्यासाठी सात बैठका लागल्या. सातवी जिन्यात झाली, त्या तीन गाड्यांच्या मालकांपैकी एकाच्या आईने मुलाला जे सुनावलं त्यात.

गवतात साप आणि अंधारात टवाळखोर. यावर उजेड आणि वावर हाच उपाय. काठावर वाट ठेवा, दिवा ठेवा.

आणि चौथी, सगळ्यात मोठी. घर जाण्याची. वस्तीतल्या माणसाला ‘ओढा सुधारणा’ हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याकाठची घरं पावसाच्या तोंडावर पाडली गेली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही कितीही गोड बोला, तुमच्या हातातली टेप त्यांना घर पाडायच्या मापाची वाटते. म्हणून पहिल्या दिवशी, मोजायच्या आधी, एका कागदावर लिहून द्या की ही मापं कशासाठी आहेत, कुणाला दिली जातील, आणि आपल्या हातात काय नाही. ‘तुमचं घर जाणार नाही’ असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नसतं. ‘तुमच्याशिवाय एकही रेघ ठरणार नाही’ हे वचन द्या आणि पाळा.

नेदरलँड्समध्ये नदीला जागा करून द्यायची मोठी योजना झाली. तिथल्या ओव्हरडीप नावाच्या सखल भागात शेतकऱ्यांना कळलं की नदीच्या पुरासाठी आपली जमीन लागणार आहे. त्यांनी अडून न बसता स्वतःच आराखडा मांडला. बांध खाली करा, पूर शेतात येऊ द्या, पण आम्हाला उंच टेकाडं करून द्या, त्यावर आम्ही घरं आणि गोठे बांधू. आठ टेकाडं झाली. काही कुटुंबांनी मोबदला घेऊन दुसरीकडे जायचं ठरवलं. तिथले शेतकरी म्हणजे जमिनीचे मालक, आपल्या वस्तीत सात-बाराही नाही, हा मोठा फरक आहे. तरी ज्यांचं जातं त्यांनीच पहिली रेघ मारावी, एवढं इथेही करता येतं.

रांगोळीचा नकाशा

खुणा झाल्या, परात झाली, भीती बोलून झाली, तेव्हा कुठे नकाशा. आम्ही देवळासमोरचं अंगण सारवून घेतलं आणि बायकांनी रांगोळीने ओढा काढला. वरून खाली, चालत आलो तसा. निळी रांगोळी पाण्याची, विटकरी रेघ २०१९ ची, हळद म्हणजे मोकळी जागा. मोऱ्यांच्या जागी बांगड्या ठेवल्या. सोसायटीचे एक निवृत्त अभियंते सुरुवातीला लांब उभे होते. एका मोरीची जागा चुकली असं त्यांना वाटलं, सांगायला वाकले, मग खालीच बसले. मोरीची जागा बरोबर होती. रस्ता रुंद करताना जुनी मोरी खाली दबलेली होती, आणि ती वस्तीतल्या दोघींना आठवत होती.

जुनं लक्षात ठेवणारी माणसं फार कामाची. आंबिल ओढाच मुळात आज वाहतो तसा वाहत नव्हता. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो पर्वतीपाशी अडवून वळवला, तिथे तळं झालं, आणि आज त्याच जागी सारसबाग आहे. ओढ्यांना माणसांनी पूर्वीपासून हात लावला आहे. प्रश्न हात लावावा की नाही हा नाही, कुणाच्या म्हणण्याने लावावा हा आहे.

मग प्रत्येकाला दहा हरभरे दिले. नकाशावर टेकडीचे चर, शाळेच्या मैदानातला खळगा, सोसायट्यांचे शोषखड्डे, काठाची झाडं, मोरी रुंद करणं, सूचना देणारी साखळी अशा सहा जागा. ज्याला जे महत्त्वाचं वाटेल तिथे हरभरे टाकायचे. वस्तीला वेगळे, सोसायटीला वेगळे दाणे. आम्ही हरभरा आणि काबुली चणा वापरला. त्यामुळे कुठे एकमत आहे आणि कुठे नाही ते रंगावरून दिसलं. एकमत मोरीवर आणि सूचनेवर होतं. झाडांवर अजिबात नव्हतं. आम्ही झाडं मागे ठेवली आणि मोरीचा अर्ज आधी केला, जरी मला स्वतःला झाडं आधी हवी होती.

झाडं लावायची वेळ आली तेव्हा जागेप्रमाणे निवडली. पाण्याच्या अगदी कडेला वाळा आणि लव्हाळा, जे वाकतात आणि माती धरतात. काठाच्या उतारावर वाळुंज, करंज. वर, पुराच्या नेहमीच्या रेघेच्या वर, उंबर, जांभूळ, अर्जुन. पात्राच्या मधे काही नाही. देशी रोपं त्याच रोपवाटिकेतून घेतली, जिची रोपं दोनदा वाहून गेली होती.

कागद आणि देखभाल

प्रत्येक बैठकीचं टिपण त्याच दिवशी लिहा आणि त्यात पटलेलं व न पटलेलं दोन्ही लिहा. ‘सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य आमच्या वहीत नाही. गोठेवाल्याचा विरोध त्याच्या शब्दांत लिहिला आहे. म्हणूनच म्हशींसाठी उतार ठेवायचं पुढे कुणाला विसरता आलं नाही.

पैशासाठी पुण्यात एक चांगली वाट आहे. नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत महापालिकेत २००६ पासून आहे. आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवायचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात घेतात. शोषखड्डे, मोरीची जाळी, मैदानातला खळगा अशी कामं त्यात बसवून लिहिता येतात. टेकडीवरचे चर वन विभागाच्या परवानगीने. काठावरचं एखादं झाड काढावं लागलं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. आपल्या ओढ्यासाठी एखादा आराखडा आधीच झालेला आहे का, ते माहिती अधिकारात विचारून घ्या.

देखभालीचा कागद उद्घाटनाच्या आधी करा. चरात गाळ साठतो, दोन पावसाळ्यांत चर भरून जातो. गाळ कोण काढणार, एप्रिलमध्ये की मे मध्ये, पैसे कोण देणार, नावांसकट लिहा. आमच्याकडे टेकडीचे चर पहाटे चालणारी मंडळी काढतात, खळगा शाळा बघते, आणि काठाचं गवत कापायचं काम वस्तीतल्या एका बचत गटाला रीतसर मजुरीने दिलं आहे. फुकट नाही. गरिबाकडून श्रमदान आणि बाकीच्यांकडून सल्ला, असं मी माझ्या नोकरीत फार पाहिलं, ते इथे नको होतं.

आणि साखळी. सगळ्यात वरच्या सोसायटीच्या गेटाला लागून एक मोरी आहे. तिच्या दगडावर गेरूची जाड रेघ आहे. पाणी त्या रेघेला लागलं की वॉचमन दादा तीन फोन करतात. शाळेच्या शिपायाला, मंडळाच्या एका मुलाला आणि वस्तीतल्या एका ताईंना. तिथून पाणी वस्तीत यायला अठरा-वीस मिनिटं लागतात, आम्ही दोन पावसाळे घड्याळ लावून पाहिलं. तेवढ्यात म्हातारी माणसं वरच्या शाळेत जातात, गॅसच्या टाक्या माळ्यावर चढतात, मेन स्विच बंद होतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री सव्वाअकराला फोन आला. पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं. पण सगळे उठलेले होते, कपडे-कागद पिशवीत होते.

वॉचमन बदलतात. एजन्सी बदलली की एका दिवसात नवा माणूस येतो, आणि त्याला ना रेघ माहीत असते ना नंबर. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी टेकडीकडे चालायला जाते तेव्हा त्या गेटावर थांबते, जो असेल त्याला मोरीपाशी नेते, रेघ दाखवते, आणि माझ्यासमोर तीनही नंबरांना एकेक फोन लावायला सांगते.